सतरा अंकी संख्येची तपासणी कशी करावी: १२३४५६७८९८७६५४३२१ या संख्येचे गुणधर्म पायरीपायरीने

मोठी संख्या समोर आली की नवशिके बहुधा ती संगणकाच्या हवाली करतात, नाहीतर २, ३, ५, ७ असे एकामागून एक भाग देत सुटतात. संगणक उत्तर देतो, पण ते उत्तर तसेच का आले हे त्यातून कळत नाही, आणि आंधळेपणाने भागाकार करत राहिल्यास दोनचार पानांनंतर उत्साह संपतो. या लेखात एकच संख्या घेऊन ती कागदावर कशी उलगडत न्यावी हे दाखवले आहे. प्रत्येक पायरीवर हाती आलेली माहिती पुढच्या पायरीचे काम कमी करते, आणि ही सवय लावून घेणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. चौकटींची वही, पेन्सिल आणि दहावीपर्यंतचे गणित एवढी तयारी पुरते.

निवडलेली संख्या आहे १२३४५६७८९८७६५४३२१.

पायरी १: संख्या नीट लिहून घ्या

ही पायरी क्षुल्लक वाटते, पण पुढच्या बहुतेक चुका येथेच जन्म घेतात. एका चौकटीत एकच अंक लिहा आणि अंक मोजा. ते सतरा भरतील. आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर संख्या १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१ अशी दिसते. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त एकक ते परार्ध अशी अठरा स्थानांची नावे दिली आहेत. त्या यादीप्रमाणे आपल्या संख्येचा पहिला अंक सतराव्या, म्हणजे 'मध्य' या स्थानावर येतो. वाचनासाठी ही मांडणी सोयीची आहे. तपासणीसाठी मात्र तीच संख्या आणखी दोन प्रकारे लिहून ठेवावी: उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून (१२ ३४५ ६७८ ९८७ ६५४ ३२१) आणि उजवीकडून दोन-दोन अंकांच्या जोड्या करून (१ २३ ४५ ६७ ८९ ८७ ६५ ४३ २१). या दोन्ही मांडण्या लवकरच लागणार आहेत.

लिहितानाच एक गुणधर्म डोळ्यांत भरतो. संख्या उजवीकडून वाचा किंवा डावीकडून, ती सारखीच राहते, म्हणजे ती पॅलिंड्रोम संख्या आहे. अशा चढत्या-उतरत्या अंकांचे आकर्षण जुने आहे. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, नवव्या शतकात, महावीराचार्यांनी १२३४५६५४३२१ या संख्येचे वर्णन 'एकापासून सहापर्यंत चढत जाणारी आणि मग क्रमाने उतरणारी' अशा आशयाने केले होते. आपली संख्या त्याच कुळातील, नवापर्यंत चढणारी आहे.

पायरी २: अंकांची बेरीज करा

१ ते ९ या अंकांची बेरीज ४५ आणि उतरत्या बाजूच्या ८ ते १ या अंकांची बेरीज ३६, म्हणून एकूण ८१. ही बेरीज ९ च्या पटीत असल्याने संख्येला ९ ने निःशेष भाग जातो.

येथे थोडे थांबावे लागेल. बेरीज ८१ आली म्हणून संख्येला ८१ ने भाग जातो, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो आणि तो चुकीचा आहे. अंकांच्या बेरजेची कसोटी ३ आणि ९ यांच्यापुरतीच खरी असते. उदाहरणार्थ, १८९९ या संख्येच्या अंकांची बेरीज २७ आहे, पण १८९९ ला २७ ने भागल्यास बाकी ९ उरते. त्यामुळे खरोखर भाग देऊन पाहणे हाच सरळ मार्ग आहे. आपल्या संख्येला ९ ने भागले की १३७१७४२१०९७३९३६९ मिळते; तिच्या अंकांची बेरीज ७२, म्हणजे पुन्हा ९ ने भाग जातो. दुसऱ्यांदा भागल्यावर १५२४१५७८९९७१०४१ उरते आणि तिच्या अंकांची बेरीज ६४ असल्यामुळे तिला ३ नेसुद्धा भाग जात नाही. यावरून दोन गोष्टी पक्क्या झाल्या: संख्येला ८१ ने भाग जातो, आणि तिच्यात ३ हा मूळ अवयव नेमका चार वेळा आहे, अधिक नाही.

जी संख्या स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाते तिला 'हर्षद संख्या' म्हणतात. आपल्या संख्येची बेरीज ८१ आहे आणि तिला ८१ ने भाग जातो, म्हणून ती हर्षद संख्या ठरते. हे नाव देणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) हे डहाणूला जन्मलेले आणि नाशिकजवळच्या देवळालीत शाळाशिक्षक म्हणून राहिलेले गणिती. त्यांचा या संख्येशी आणखी जवळचा संबंध पुढे येणार आहे.

पायरी ३: तीन अंकी गटांवर दोन बेरजा

२ आणि ५ यांचा विचार एकक स्थानचा १ पाहूनच संपतो. त्यानंतर ७, ११, १३ आणि ३७ यांच्यासाठी वेगवेगळे भागाकार करण्याची गरज नाही, कारण १००१ = ७ × ११ × १३ आणि ९९९ = २७ × ३७ ही दोन समीकरणे हाताशी आहेत. १००० ला ९९९ ने भागल्यास बाकी १ राहते, म्हणून तीन अंकी गटांची साधी बेरीज केली की ९९९ साठीची बाकी कळते. १००० हा १००१ पेक्षा १ ने कमी आहे, म्हणून गट एकाआड एक अधिक-वजा केले की १००१ साठीची बाकी कळते.

आधी अधिक-वजा करू या, उजवीकडून सुरुवात करून: ३२१ − ६५४ + ९८७ − ६७८ + ३४५ − १२ = ३०९. आता ३०९ या लहानशा संख्येला भागायचे. ७ ने भागल्यास बाकी १, ११ ने भागल्यास बाकी १, १३ ने भागल्यास बाकी १०. तिन्ही मूळ संख्या एका ओळीत बाद झाल्या.

आता साधी बेरीज: ३२१ + ६५४ + ९८७ + ६७८ + ३४५ + १२ = २९९७, आणि २९९७ म्हणजे बरोबर ३ × ९९९. त्यामुळे संख्येला ९९९ ने, आणि अर्थातच ३७ ने, निःशेष भाग जातो. सतरा अंकी भागाकार न करता ३७ हा मूळ अवयव हाती लागला.

पायरी ४: ती पूर्ण वर्ग आहे का?

प्रत्यक्ष वर्गमूळ काढण्याआधी स्वस्तातल्या चाचण्या कराव्यात. पूर्ण वर्ग संख्येच्या एकक स्थानी २, ३, ७ किंवा ८ येत नाही. येथे १ आहे. विषम वर्गाला ८ ने भागल्यास बाकी नेहमी १ राहते. शेवटचे तीन अंक ३२१, त्यांना ८ ने भागल्यास बाकी १. वर्गातील प्रत्येक मूळ अवयव सम वेळा यावा लागतो. ३ चार वेळा आला आहे. या चाचण्या पार पडल्या म्हणून संख्या वर्ग आहे असे सिद्ध होत नाही, पण वर्गमूळ काढण्याचे श्रम वाया जाणार नाहीत असा भरवसा मिळतो.

आता दोन अंकी जोड्यांची मांडणी घ्या आणि शाळेत शिकवलेल्या भागाकार पद्धतीने वर्गमूळ काढा. नऊ गट आहेत, म्हणून वर्गमूळ नऊ अंकी असणार. पहिल्या गटातील १ चे वर्गमूळ १, बाकी ०. पुढची जोडी २३ उतरवा. आतापर्यंतच्या मुळाची दुप्पट २, तिच्यापुढे १ लिहून २१, तो २३ मधून वजा केला की बाकी २. पुढची जोडी ४५ उतरवली की २४५ होतात. मुळाची दुप्पट २२, तिच्यापुढे १ लिहून २२१, वजाबाकी २४. पुढे २४६७ मधून २२२१ गेले की २४६, २४६८९ मधून २२२२१ गेले की २४६८, २४६८८७ मधून २२२२२१ गेले की २४६६६, २४६६६६५ मधून २२२२२२१ गेले की २४४४४४, आणि २४४४४४४३ मधून २२२२२२२१ गेले की २२२२२२२. शेवटची जोडी २१ उतरवल्यावर २२२२२२२२१ तयार होतात आणि वजा करायची संख्याही तीच, २२२२२२२२१. बाकी शून्य. प्रत्येक टप्प्यावर वर्गमुळात १ हाच अंक बसला, म्हणून वर्गमूळ आहे १११११११११, म्हणजे ओळीने नऊ एक. हा भागाकार वाचून सोडू नये, तो स्वतः वहीत करावा. डाव्या बाजूला दोनांची रांग एकेका अंकाने वाढताना पाहण्यात जे समाधान आहे ते वर्णनातून मिळत नाही.

असे का झाले, हे उलट दिशेने गुणाकार मांडला की स्पष्ट होते. १११११११११ ला स्वतःनेच गुणताना नऊ ओळी येतात, प्रत्येक ओळीत नऊ एक, आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली. उजवीकडच्या पहिल्या स्तंभात एकच १ असतो, दुसऱ्यात दोन, असे वाढत मधल्या नवव्या स्तंभात नऊ, आणि मग पुन्हा एकेक कमी. कोणत्याही स्तंभाची बेरीज ९ च्या पुढे जात नाही, म्हणून हातचा येत नाही आणि स्तंभांच्या बेरजाच उत्तराचे अंक होतात. दहा एकांच्या वर्गात मात्र मधल्या स्तंभाची बेरीज १० होते, हातचा पुढे सरकतो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असे येते. डौलदार रचना तेथे मोडते. म्हणूनच आपली संख्या या मालिकेतील शेवटची अखंड पायरी आहे.

१, १२१, १२३२१ अशा या वर्गांच्या मालिकेला कापरेकरांनी 'डेम्लो संख्या' या कुटुंबात खास स्थान दिले. मुंबईपासून सुमारे तीस मैलांवरच्या डेम्लो, म्हणजे आजच्या डोंबिवली, या रेल्वे स्थानकावर त्यांना या संख्यांच्या अभ्यासाची कल्पना सुचली आणि त्यावरून हे नाव पडले, असे सांगितले जाते.

पायरी ५: मूळ अवयव

आता सतरा अंकी संख्येचे अवयव पाडायची गरज उरली नाही. नऊ अंकी वर्गमुळाचे अवयव पाडले की पुरे. तेथेही सरळ भागाकारापेक्षा अंकांची रचना पाहावी. नऊ एक म्हणजे तीन वेळा १११, म्हणून १११११११११ = १११ × १००१००१. यातील १११ = ३ × ३७. उरलेल्या १००१००१ च्या अंकांची बेरीज ३, म्हणून ३ ने भाग जातो आणि ३३३६६७ मिळतात.

३३३६६७ ही मूळ संख्या आहे का? तिचे वर्गमूळ ५७७ च्या किंचित पुढे आहे, म्हणून ५७७ पर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी भाग देऊन पाहावे लागेल, आणि अशा मूळ संख्या १०६ आहेत. हे काम खूपच कमी करता येते. समजा 'प' ही मूळ संख्या ३३३६६७ ला भागते. मग ती ९९९९९९९९९ लाही भागते, म्हणजे १० च्या नवव्या घाताला 'प' ने भागल्यास बाकी १ राहते. १० च्या ज्या सर्वांत लहान घाताला 'प' ने भागल्यास बाकी १ राहते, त्याचा घातांक ९ ला भागणारा असतो, म्हणून तो १, ३ किंवा ९ यांपैकीच एक. घातांक १ असेल तर 'प' म्हणजे ३. घातांक ३ असेल तर 'प' ९९९ ला भागते, म्हणजे ती ३ किंवा ३७ आहे. घातांक ९ असेल तर फेर्माच्या प्रमेयानुसार (१० च्या 'प' उणे १ या घाताला 'प' ने भागल्यास बाकी १ राहते) 'प' उणे १ ही संख्या ९ ने विभाज्य असली पाहिजे, आणि 'प' विषम असल्याने ती १८ ने विभाज्य असली पाहिजे. ३३३६६७ च्या अंकांची बेरीज २८ असल्याने ३ बाद होतो. उरतात फक्त १८ च्या पटीपेक्षा १ ने जास्त असलेल्या मूळ संख्या: १९, ३७, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१ आणि ५७७. एकशे सहा भागाकारांच्या जागी सतरा. यांपैकी एकानेही भाग जात नाही. ३७ ने भागल्यास बाकी १ आणि ५७७ ने भागल्यास बाकी १६१ राहते, बाकीचे पंधरा वाचकांनी स्वतः करून पाहावेत. म्हणून ३३३६६७ ही मूळ संख्या आहे.

अशा रीतीने १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७, आणि आपल्या संख्येत ३ चार वेळा, ३७ दोन वेळा आणि ३३३६६७ दोन वेळा येतात.

पायरी ६: विभाजक

मूळ अवयव कळल्यावर विभाजक मोजणे सोपे आहे. प्रत्येक मूळ अवयवाच्या घातांकात १ मिळवून गुणाकार करायचा: ५ × ३ × ३ = ४५. पूर्ण वर्गाच्या विभाजकांची संख्या नेहमी विषम असते, कारण विभाजकांच्या जोड्या लावताना वर्गमूळ एकटे उरते. त्यामुळे ४५ ही संख्या चौथ्या पायरीचा पडताळाही देते.

सर्व विभाजकांची बेरीज १२१ × १४०७ × १,११,३३,४०,००,५५७ या गुणाकाराने मिळते. ती मूळ संख्येच्या सुमारे १.५३५ पट आहे. म्हणजे संख्या स्वतः सोडून उरलेल्या विभाजकांची बेरीज संख्येपेक्षा कमीच पडते.

पायरी ७: दोन वर्गांची बेरीज

ही पायरी नवशिक्यांच्या पुस्तकांत सहसा नसते, पण मूळ अवयव हाती असताना ती टाळणे मला योग्य वाटत नाही. एखादी संख्या दोन वर्गांच्या बेरजेच्या रूपात लिहिता येते का, हे ठरवण्यासाठी ४ ने भागल्यास बाकी ३ राहणारे मूळ अवयव पाहायचे. ते सर्व सम वेळा आलेले असले तर उत्तर होकारार्थी. आपल्याकडे ३ आणि ३३३६६७ हे असे अवयव आहेत आणि दोन्ही सम वेळा आले आहेत. ३७ ला ४ ने भागल्यास बाकी १ राहते, आणि ३७ चा वर्ग १३६९ = १४४ + १२२५, म्हणजे १२ आणि ३५ यांच्या वर्गांची बेरीज.

आता उरलेला अवयव ९ × ३३३६६७ = ३००३००३ याने १२, ३५ आणि ३७ या तिघांनाही गुणा. ३६०३६०३६, १०५१०५१०५ आणि १११११११११ हे त्रिकूट मिळते. पहिल्या दोघांच्या वर्गांची बेरीज म्हणजेच आपली सतरा अंकी संख्या. ज्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण नऊ एकांचा आहे, त्याच्या इतर दोन बाजूंतही अंक अशा तालात पुन्हा पुन्हा यावेत, हे पाहून मन खरोखर प्रसन्न होते. शिवाय ३ आणि ३३३६६७ यांच्याकडून दुसरी मांडणी मिळत नसल्यामुळे, शून्याचा वर्ग न वापरता केलेली ही एकमेव मांडणी आहे.

पायरी ८: संख्या दुभंगून बेरीज

कापरेकरांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संख्यांची कसोटी अशी: संख्येचा वर्ग करा, त्याचे दोन तुकडे पाडा, उजवा तुकडा मूळ संख्येइतक्याच अंकांचा ठेवा, तुकड्यांची बेरीज मूळ संख्या आली तर ती कापरेकर संख्या. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५.

नऊ एकांवर हे करून पाहू. वर्गाचे तुकडे १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१, बेरीज ९९९९९९९९९. नऊ एकांऐवजी नऊ नवे आले, म्हणून १११११११११ ही कापरेकर संख्या नाही. तरी हा प्रयत्न फुकट गेला नाही, कारण नऊ अंकी तुकड्यांची बेरीज ९९९९९९९९९ आली याचा अर्थ आपल्या संख्येला ९९९९९९९९९ ने निःशेष भाग जातो. भागाकार येतो १२३४५६७९. आणि ज्या दहा एकांच्या वर्गात सुंदर रचना मोडली होती, तेथे ही कसोटी पूर्ण होते: १२३४५६७९० + ०९८७६५४३२१ = ११११११११११. डोळ्यांना जी रचना बिघडलेली दिसते तिच्यातच दुसरा गुणधर्म पूर्णत्वाला जातो, हे नवशिक्यांनी आवर्जून ध्यानात घ्यावे.

पायरी ९: संगणकावर पडताळा, पण सावधपणे

कागदावरचे काम झाल्यावर पडताळा जरूर घ्यावा, मात्र यंत्राची मर्यादा आधी जाणून घ्यावी. दहा अंक दाखवणारा गणकयंत्राचा पडदा या संख्येचे १.२३४५६७८९९ गुणिले १० चा सोळावा घात असे अंदाजे रूपच दाखवेल. एक्सेलमध्ये पंधराच सार्थ अंक जपले जातात, म्हणून संख्या टाइप केल्यावर शेवटचे दोन अंक शून्य होतात आणि ती ...३२१ ऐवजी ...३०० अशी संपते. जावास्क्रिप्टमधील साध्या संख्याप्रकारात ती १२३४५६७८९८७६५४३२० होते. याचे कारण असे की तेथे ९००७१९९२५४७४०९९२, म्हणजे २ च्या त्रेपन्नाव्या घातापर्यंतच प्रत्येक पूर्णांक नेमका साठवता येतो, आणि आपल्या संख्येला द्विमान पद्धतीत ५४ अंक लागतात. केवळ एका अंकाने ती मर्यादेबाहेर जाते. विषम संख्या सम झाली की त्यानंतरच्या विभाज्यतेच्या कोणत्याही चाचणीवर विसंबता येत नाही, आणि यंत्र तशी सूचनाही देत नाही.

पायथॉनमधील पूर्णांकांना अशी मर्यादा नाही, म्हणून पडताळ्यासाठी ती भाषा वापरावी. चौसष्ट बिटांचे पूर्णांक असलेल्या इतर भाषांतही ही संख्या नेमकी मावते. तेथेही वर्गमूळ काढताना दशांश देणारी क्रिया टाळून पूर्णांकी वर्गमुळाची क्रिया वापरावी, आणि आलेल्या उत्तराचा वर्ग करून तो अंकशः जुळतो का ते पाहावे. कोणत्याही यंत्रावर सुरुवात करताना संख्येला २ ने भागून बाकी विचारावी. बाकी ० आली तर संख्या आत जातानाच बदलली आहे आणि पुढची तपासणी त्या यंत्रावर करू नये.

सरावासाठी दहा एकांचा वर्ग, १२३४५६७९००९८७६५४३२१, घ्यावा. त्याच्या अंकांची बेरीज ८२ येते, म्हणून दुसरी पायरी येथे लगेच संपेल. पाचव्या पायरीसाठी दहा एकांचे १११११ × १००००१ असे दोन भाग करून सुरुवात करावी.